संगणकाच्या तक्त्यातील नवी साधने

हिशेबाचा तक्ता ही आपल्या समाजात काही नवी वस्तू नव्हे. देवस्थानाच्या जमाखर्चाची वही, वाण्याची खतावणी, शिक्षकांचा हजेरीपट आणि सहकारी सोसायटीचे भागधारकांचे पुस्तक ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. उभ्या रेघांनी रकाने पडावेत, आडव्या रेघांनी ओळी पडाव्यात आणि दोहोंच्या छेदात एकेक आकडा बसावा, एवढीच त्यांची रचना. या कागदी तक्त्याचे दुःख एकच असे. मधला एखादा आकडा बदलला, की त्याच्या खालची बेरीज बदले, त्या बेरजेवरून काढलेली सरासरी बदले, सरासरीवरून काढलेली टक्केवारी बदले आणि लिहिणाऱ्यास खोडरबर घेऊन पानभर फिरावे लागे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन या तरुणाला हेच दुःख वर्गातील फळ्यावरील तक्त्यात दिसले. त्याने बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ नावाचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्यातील चौकटीत आकडा लिहिता येई, तसेच सूत्रही लिहिता येई. आणि एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेली सर्व उत्तरे आपोआप बदलत. आज जगभर ज्याला स्प्रेडशीट म्हणतात, त्याचा व्यक्तिगत संगणकावरील हा पहिला अवतार. पुढे लोटस आले, मग एक्सेल आले. शाळेच्या कार्यालयापासून बँकेपर्यंत आज असे क्वचितच एखादे टेबल असेल की जेथे या तक्त्याचा संचार नाही.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो ‘लिब्रऑफिस कॅल्क’ या सॉफ्टवेअरच्या अलीकडील सुधारणांचा. हे निवडण्याचे कारण साधे आहे. ते विनामूल्य मिळते, कोणालाही त्याची प्रत करून देता येते, आणि मराठी पडद्यासहही ते वापरता येते. याचा वंशवृक्ष जर्मनीत सुरू होतो. तेथील मार्को ब्योरिस या शाळकरी वयाच्या मुलाने १९८५ साली स्थापन केलेल्या कंपनीतून ‘स्टारऑफिस’ निघाले, १९९९ साली ते सन या अमेरिकन कंपनीकडे गेले, २००० साली त्याचा मूळ संकेत सर्वांसाठी खुला झाला, आणि २०१० साली स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी वेगळी चूल मांडून ‘लिब्रऑफिस’ हे नाव घेतले. २०२४ पासून त्याच्या आवृत्तीचे क्रमांक वर्ष व महिना यांवरून पडतात. २४.८ म्हणजे २०२४ च्या आठव्या महिन्यातील आवृत्ती. ही पद्धत आमच्या मते फार सोयीची आहे. आपण किती शिळे सॉफ्टवेअर वापरीत आहोत, हे क्रमांकच सांगतो.

या २४.८ आवृत्तीने तक्त्यात एकदम नऊ नवी फले घातली. ‘फल’ हा शब्द गणितातीलच घ्यावयाचा : आत काही घातले असता ठरलेल्या नियमाने बाहेर काही देणारे यंत्र. त्यांची नावे लॅटिन अक्षरांत लिहावी लागतात. उच्चार फिल्टर, सॉर्ट, सॉर्टबाय, युनिक, एक्सलूकअप, एक्समॅच, लेट, सीक्वेन्स आणि रँडअ‍ॅरे. यांपैकी बहुतेक एक्सेलमध्ये थोडी आधी आली होती. मात्र ज्यांच्याजवळ एक्सेल नाही त्यांना ती २०२४ नंतर लाभली.

नुसत्या नावांनी काही कळत नाही, म्हणून एक तक्ता कल्पू. धारगळच्या एखाद्या शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसविला आहे आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत विद्यार्थी रोज पाऊस मोजीत आहेत, असे समजा. भारतीय हवामान खात्याची मोजण्याची वेळ सकाळी साडेआठची आहे. मागील चोवीस तासांत पडलेला पाऊस मिलीमीटरांत लिहावयाचा. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. चार महिन्यांचे दिवस १२२, म्हणून तक्त्यात १२२ ओळी झाल्या. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात पाऊस.

आता कोणी विचारले की, जोराचा पाऊस किती दिवस व कोणकोणत्या दिवशी झाला? हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर पडल्यास ती जोराची वृष्टी, ११५.६ ते २०४.४ पर्यंत अति जोराची, आणि त्याहून अधिक झाल्यास अत्यंत जोराची. पूर्वी एकतर १२२ ओळींवर बोट फिरवावे लागे, अथवा तक्त्याला चाळणी लावून नको असलेल्या ओळी लपवाव्या लागत. लपविलेल्या ओळी पुन्हा उघडण्यास विसरणे ही कार्यालयांतील नित्याची गोष्ट. मग पुढचा माणूस अर्धाच तक्ता पूर्ण समजून वापरतो. फिल्टर या नव्या फलाची मौज अशी की, ते मूळ तक्त्याला हातही लावीत नाही. बाजूच्या मोकळ्या जागेत सूत्र लिहावे : या दोन रकान्यांतील ज्या ओळींत पाऊस ६४.५ किंवा अधिक आहे त्या दे. उत्तर एका चौकटीत न मावता शेजारच्या चौकटींत पसरते आणि निवडक दिवसांची वेगळी यादी तयार होते. तीच यादी सॉर्ट या फलाच्या पोटात घातली, तर सर्वांत मोठा पाऊस वर व त्याहून लहान खाली अशी उतरंड मिळते.

सॉर्टविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. तक्ता क्रमाने लावण्याची सोय जुनीच आहे. परंतु त्या जुन्या रीतीत मूळ ओळीच हलतात. आणि एखाद्याने घाईत एकच रकाना निवडून तेवढाच क्रमाने लावला, तर नावे वर-खाली होतात व त्यांचे गुण मात्र जागच्या जागी राहतात. तक्ता दिसावयास सुबक, आतून मात्र प्रत्येकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर! नव्या रीतीत मूळ ओळी हलतच नसल्यामुळे अशी उलथापालथ झाली तरी ताडून पाहण्यास मूळ शाबूत असते.

पर्जन्याच्या तक्त्यातच आणखी एक खाच आहे. ती कोणतीही नवी आवृत्ती बुजवू शकत नाही. रविवारी शाळा बंद, म्हणून कोणी पाऊस मोजला नाही. त्या दिवसाची चौकट रिकामी ठेवावी की शून्य लिहावे? सरासरीचे फल रिकामी चौकट सोडून देते, पण शून्य मात्र हिशेबात धरते. न मोजलेल्या दिवशी शून्य लिहिले, तर भर आषाढात तो दिवस कोरडा ठरतो. बरे, रिकामी ठेवली तरी सोमवारी सकाळी भांड्यात जे पाणी सापडेल ते दोन दिवसांचे असणार. ते ७० मिलीमीटर भरले आणि तसेच लिहिले, तर फिल्टर मोठ्या इमानदारीने त्या सोमवारास जोराच्या वृष्टीच्या यादीत घालील. वस्तुतः दोन्ही दिवशी पस्तीस-पस्तीसच पडला असेल. यासाठी तिसरा रकाना करावा व त्यात ‘दोन दिवसांचा’ असा शेरा लिहावा. शेऱ्याचा रकाना हा आमच्या दृष्टीने कोणत्याही तक्त्याचा प्राण आहे, आणि तोच बहुधा वगळला जातो.

युनिक हे फल यादीतील पुनरुक्ती काढून टाकते. शाळेच्या पटावर पाचशे विद्यार्थी असतील. ते किती गावांतून येतात? गावाचा रकाना युनिकच्या स्वाधीन केला, की प्रत्येक गाव एकदाच दाखविणारी यादी मिळते. आपल्या गोव्यात मात्र या फलाची चांगलीच परीक्षा होते. एकाच गावाची दोन-दोन नावे आपण बाळगून आहोत. मराठीत आपण धारगळ लिहितो, तर रोमन लिपीतील सरकारी कागदांत ते कोठे धारगळ, तर कोठे पोर्तुगीज वळणाचे दारगालिम असते. पेडणे व पेर्नेम, डिचोली व बिचोलिम यांचेही तसेच. विद्यार्थ्यास ठाऊक असते की ही दोन गावे नव्हेत. यंत्रास ठाऊक नसते. इतकेच काय, ‘विर्नोडा’ या शब्दापुढे चुकून एक मोकळी जागा पडली, तरी ते यंत्राच्या लेखी निराळे गाव होते. म्हणून युनिकने दिलेली यादी हे उत्तर न मानता प्रश्नपत्रिका मानावी : यांत जुळी नावे कोणती, हे माणसाने पाहावयाचे व मूळ रकान्यात एकच रूप ठेवावयाचे.

आता या साऱ्यांत अधिक महत्त्वाचे फल घेऊ. त्याचे नाव एक्सलूकअप. एका यादीतील नोंद दुसऱ्या यादीत शोधून तिच्यासमोरील माहिती उचलून आणणे हे त्याचे काम. परीक्षेनंतर वर्गशिक्षकांजवळ हजेरी क्रमांक व नावे यांचा तक्ता असतो. गणिताच्या शिक्षकांकडून क्रमांक व गुण यांचा दुसरा तक्ता येतो. दोन्ही जुळवून गुणपत्रके करावयाची असतात. यासाठी वर्षानुवर्षे व्हीलूकअप नावाचे फल वापरले जात आहे. त्याचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे.

व्हीलूकअपला चार गोष्टी सांगावयाच्या असतात : काय शोधावे, कोणत्या तक्त्यात, उत्तर कितव्या रकान्यातून आणावे, आणि जुळणी तंतोतंत हवी की जवळपासची चालेल. ही चौथी गोष्ट न सांगितल्यास ते जवळपासची चालेल असे धरून चालते. समजा, क्रमांक २७ चा विद्यार्थी गणिताच्या परीक्षेस आजारीपणामुळे बसलाच नाही आणि गणिताच्या यादीत २६ नंतर एकदम २८ आहे. व्हीलूकअप २७ शोधू लागते, सापडत नाही. तेव्हा ते त्याच्या अलीकडच्या सर्वांत जवळच्या क्रमांकावर, म्हणजे २६ वर थांबते आणि त्याचे गुण निमूटपणे २७ च्या पुढे लिहून देते. लाल खूण नाही, सूचना नाही. २६ व्या क्रमांकाच्या मुलीस ९१ गुण असतील, तर न बसलेल्या मुलासही ९१! उलट तिला ३० असतील, तर तो मुलगा न देताच नापास. यादी क्रमाने लावलेली नसेल तर काय हाती येईल याचा नेमच नाही.

दुसरे असे की, व्हीलूकअपला रकान्याचे नाव ठाऊक नसते, केवळ क्रमांक ठाऊक असतो. तिसऱ्या रकान्यातून गणिताचे गुण आण, असे सूत्र आहे. आणि नंतर कोणी मध्ये हिंदीचा नवा रकाना घातला, तर गणित चौथ्या जागी सरकते आणि सूत्र तिसऱ्यातून हिंदीचे गुण आणून गणिताखाली लिहिते. शिवाय ते केवळ उजवीकडे पाहू शकते, डावीकडे नाही.

एक्सलूकअप यांतील तिन्ही खोडी मोडते. कोणत्या रकान्यात शोधावे व कोणत्या रकान्यातून उत्तर आणावे हे त्यास वेगवेगळे दाखवितात, त्यामुळे मध्ये नवा रकाना आला तरी सूत्र आपला रकाना सोडीत नाही, आणि डावीकडचे उत्तरही आणता येते. कोणी काही न सांगितल्यास जुळणी तंतोतंत, हा त्याचा जन्मजात नियम आहे. आणि नोंद न सापडल्यास काय लिहावे हेही आधीच सांगून ठेवता येते. तेथे आपण ‘गैरहजर’ असे लिहिले, तर २७ व्या क्रमांकापुढे ‘गैरहजर’ असेच येते. माहिती नसताना ‘माहिती नाही’ असे सांगणारे यंत्र हे चुकीचे उत्तर तत्परतेने देणाऱ्या यंत्रापेक्षा किती बरे, हे त्या मुलाच्या आईवडिलांस विचारावे. मायक्रोसॉफ्टने हे फल एक्सेलसाठी २०१९ साली जाहीर केले होते. कॅल्कमध्ये ते पाच वर्षांनी आले.

लेट या फलाविषयी बीजगणित शिकणाऱ्यास फार सांगावयास नको. ‘समजा, क्ष ही मुलांची संख्या’ असे लिहून आपण उदाहरण सोडवू लागतो, तेच लेट करते. लांबलचक सूत्रातील एखाद्या भागास नाव द्यावयाचे आणि पुढे त्या नावानेच त्यास हाक मारावयाची. सूत्र आखूड होते आणि सहा महिन्यांनी पाहिले तरी अर्थ लागतो.

रँडअ‍ॅरे हे यदृच्छया आकडे काढून देणारे फल. हे खेळणे नव्हे. साऱ्या तालुक्यातील भाताचे पीक किती आले हे काढावयाचे, तर प्रत्येक कुणगा कापून तोलता येत नाही; काही निवडून त्यांवरून अंदाज करावा लागतो. निवड माणसाच्या मर्जीवर सोडली, तर तो रस्त्याच्या जवळचे किंवा डोळ्यांत भरणारे शेत निवडतो आणि अंदाज फुगतो. निवड चिठ्ठ्या टाकून, म्हणजेच यदृच्छेने, व्हावी हे तत्त्व पीककापणीच्या पाहणीत रुजविण्याचे मोठे कार्य सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी केले. नमुना-पाहणीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५४ साली निघाला, आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी संख्याशास्त्र विभागाची धुरा दीर्घकाळ वाहिली. रँडअ‍ॅरे वापरताना एक पथ्य पाळावे. तक्त्यात काहीही बदल केला की ते नवे आकडे काढते. म्हणून निवड झाल्याबरोबर ते आकडे सूत्ररूपाने न ठेवता केवळ आकडे म्हणून दुसरीकडे उतरवून घ्यावेत. नाहीतर सकाळी निवडलेली शेते दुपारी बदललेली आढळतील.

तक्त्याच्या आकाराचीही थोडी हकीकत सांगितली पाहिजे. कॅल्कमध्ये पूर्वी १,०२४ रकाने असत. २०२२ च्या ऑगस्टमधील ७.४ या आवृत्तीपासून ते १६,३८४ झाले. ओळी १०,४८,५७६ आहेत. एवढ्या ओळी कोणाला लागतात, असा प्रश्न सहज पडेल. इंग्लंडमध्ये २०२० साली त्याचे उत्तर मिळाले. करोनाच्या साथीत तेथील सार्वजनिक आरोग्य संस्थेकडे प्रयोगशाळांचे निकाल येत, आणि ते एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फायलींत भरले जात. त्या जुन्या फायलीत ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. फाईल भरली, आणि पुढच्या ओळी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नावे दैनंदिन आकड्यांतून सुटली. त्या लोकांना स्वतःचा निकाल कळला होता. पण ते कोणाच्या संपर्कात आले हे शोधणारी यंत्रणा त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचली नाही. सुटलेल्या ओळीमागे एक माणूस होता, आणि त्याच्या मागे त्याच्या घरातली व कामावरची माणसे होती.

आलेखांकडे वळू. आकड्यांचे चित्र काढण्याची कल्पना विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाची. १७८६ साली त्याने व्यापाराच्या आकड्यांचे रेषालेख व स्तंभालेख छापले, १८०१ साली वृत्तालेख. ७.४ या आवृत्तीने कॅल्कमध्ये जो आलेख आणला, तो मात्र एका चौकटीत मावणारा चिमुकला आहे. त्याला स्पार्कलाइन म्हणतात. हे नाव अमेरिकेतील एडवर्ड टफ्टी या आलेखशास्त्राच्या अभ्यासकाने रूढ केले. त्यास अक्ष नाहीत, आकडे नाहीत. ओळीतील आकड्यांचा चढ-उतार तेवढा दिसतो. एखाद्या विद्यार्थ्याच्या सहा चाचण्यांचे गुण त्याच्या नावासमोरील एका चौकटीत रेषेच्या रूपाने उभे राहतात. चाळीस विद्यार्थ्यांचा तक्ता असला, तर कोणाची रेघ हळूहळू खाली उतरत आहे हे शिक्षकांना एका दृष्टिक्षेपात कळते. एकूण बेरजेत हे दिसत नाही. ४० वरून ८० वर चढलेला आणि ८० वरून ४० वर घसरलेला, या दोघांची बेरीज सारखीच असू शकते.

एक सावधगिरी येथे पाळावी. प्रत्येक चौकटीतील रेघ, वेगळे सांगितले नाही तर, आपापल्या उंचीच्या मापाने काढली जाते. त्यामुळे ७८ वरून ८० वर गेलेल्याची रेघ आणि २० वरून ८० वर गेलेल्याची रेघ सारखीच उभी दिसू शकते. सर्व चौकटींना एकच माप लावण्याची सोय आहे, ती वापरावी.

मोठ्या आलेखातही मापाचाच खेळ असतो. आपल्या गोव्याच्या लोकसंख्येचे उदाहरण घेऊ. १९६० साली, मुक्तीच्या आदल्या वर्षी, ती ५,८९,९९७ होती. १९७१ साली ७,९५,१२०. १९८१ साली १०,०७,७४९. १९९१ साली ११,६९,७९३. २००१ साली १३,४७,६६८ आणि २०११ साली १४,५८,५४५. यांतील शेवटच्या दोन आकड्यांचा स्तंभालेख काढला आणि उभा अक्ष शून्याऐवजी तेरा लाखांपासून सुरू केला, तर एक स्तंभ सुमारे अर्ध्या लाखाच्या उंचीचा आणि दुसरा दीड लाखाहून थोड्या अधिक उंचीचा होईल. पाहणाऱ्यास वाटेल, गोव्याची वस्ती दहा वर्षांत तिपटीहून अधिक झाली! खरी वाढ आहे ८.२३ टक्के. आकडे खरे, रेखाटन बिनचूक, आणि तरीही चित्र खोटे. वृत्तपत्रात किंवा निवडणुकीच्या पत्रकात स्तंभालेख दिसला, की प्रथम त्याचा पाया पाहावा. तो शून्यावर नसेल, तर उंचीवर विश्वास ठेवू नये.

याच आकड्यांवरून दर खेपेची टक्केवारीने वाढ काढली असता ती अशी येते : ३४.७७, २६.७४, १६.०८, १५.२१ आणि ८.२३. वस्ती वाढत गेली, पण वाढीचा वेग मात्र सतत मंदावत गेला, हे मूळ आकड्यांच्या रेषेत सहजी दिसत नाही. टक्केवारीचा वेगळा आलेख काढताच ते लख्ख दिसते. सॉफ्टवेअर दोन्ही आलेख सारख्याच तत्परतेने काढील. कोणता काढावा हे ते सांगणार नाही. आणि पहिला आकडा पोर्तुगीज अमदानीतील जनगणनेचा असल्याने १९६० ते १९७१ हे अंतर दहा नव्हे, अकरा वर्षांचे आहे, ही गोष्टही ते सांगणार नाही. २०२१ ची जनगणना महामारीमुळे ठरल्या वर्षी झाली नाही, म्हणजे पुढचे अंतरही दहा वर्षांचे नसणार. आडव्या अक्षावर वर्षे खऱ्या अंतराने मांडली पाहिजेत; शेजारी-शेजारी ठेवून चालणार नाही.

कॅल्कपेक्षा अधिक खोल विश्लेषण करणाऱ्यांसाठी ‘आर’ नावाची संख्याशास्त्राची भाषा आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ती घडविली. तीही विनामूल्य आहे. आरसाठी हजारो लोकांनी जोड-सॉफ्टवेअरे लिहिली आहेत. त्यांपैकी आर/क्यूटीएल हे जोड-सॉफ्टवेअर वनस्पती व प्राणी यांच्या जनुकांचे नकाशे करण्यासाठी वापरतात. ते चालविताना वापरणाऱ्यास विचारले जाते की जनुकांमधील अंतर कोणत्या सूत्राने काढावे, आणि त्या पर्यायांत एक शब्द असतो : कोसंबी. हे कोसंबी म्हणजे आपल्या गोव्यातील कोसबे येथे ३१ जुलै १९०७ रोजी जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. बौद्धविद्येचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे चिरंजीव. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके पुढील पिढीत किती वेळा एकमेकांपासून विलग होतात, हे मोजून त्यांच्यातील अंतर काढण्याचे सूत्र त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केले. ते आजही धान्याच्या नव्या वाणांवर संशोधन करणाऱ्यांच्या नित्य उपयोगात आहे.

याच कोसंबींचे नाण्यांवरील काम विश्लेषणाचा नमुना म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावे असे आहे. तक्षशिला येथे सापडलेल्या प्राचीन चांदीच्या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. केवळ ठसे आहेत. मग त्यांचा क्रम कसा लावावा? कोसंबींनी नाणी तराजूत घातली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. म्हणून जो गट अधिक काळ चलनात होता, त्याचे सरासरी वजन कमी भरणार. तसेच काही नाणी अधिक फिरतात, काही कमी. म्हणून जुन्या गटात वजनांचा विखार, म्हणजे सरासरीपासूनचे अंतर, अधिक असणार. हा तर्क बरोबर आहे की नाही हे ताडण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चालू नाणीही हजारोंनी तोलली. त्यांवर वर्ष छापलेले असल्याने उत्तर आधीच ठाऊक होते. हे सारे संगणकाशिवाय, तराजू, कागद आणि गणित एवढ्यावर. आज ती वजने कॅल्कच्या दोन रकान्यांत भरली, तर सरासरी व विखार क्षणात निघतील. नाणी तोलावीत हे मात्र एक्सलूकअप सुचविणार नाही.

२०२५ च्या ऑगस्टमधील २५.८ या आवृत्तीत आणखी काही फले आली आहेत. एका चौकटीतील मजकूर तोडून अनेक चौकटींत टाकणारे टेक्स्टस्प्लिट आणि दोन तक्ते एकाखाली एक जोडणारे व्हीस्टॅक ही त्यांपैकी उपयुक्त. ‘अ’ व ‘ब’ तुकड्यांच्या याद्या जोडण्यास दुसरे फार सोयीचे पडेल. पहिल्याचा उपयोग आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव वेगळे करण्यास होतो; परंतु काहींच्या नावांत तीन शब्द, काहींच्या चार, त्यामुळे तोडल्यावर ओळीन् ओळ डोळ्यांखालून घालावी लागते.

शेवटी, जमिनीचे कागद संगणकावर उतरविणाऱ्या घरांसाठी एक सूचना. सर्व्हे क्रमांक १२/५ असा लिहिला, की तक्त्याचे सॉफ्टवेअर पुष्कळदा त्यास तारीख समजते आणि १२ मे किंवा ५ डिसेंबर करून टाकते. एकदा तारीख झाली, की नंतर चौकटीचा प्रकार बदलूनही १२/५ परत येत नाही. पाच अंकी एक भलताच आकडा दिसतो. जनुकांची ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशी आखूड नावे याच खोडीने बिघडू लागली, तेव्हा २०२० साली शास्त्रज्ञांनी त्या जनुकांची नावेच बदलली. जमिनीचा क्रमांक आपणांस बदलता येत नाही. तेव्हा काही लिहिण्यापूर्वी तो सबंध रकाना निवडावा, चौकटीच्या प्रकारांतून ‘मजकूर’ हा प्रकार द्यावा, आणि मग क्रमांक लिहावेत. सोळा अंकी क्रमांकांसही हीच रीत लावावी, कारण आकडा म्हणून लिहिल्यास पंधरा अंकांपुढचा अंक टिकत नाही. भरून झाल्यावर कोणत्याही दहा ओळी मूळ उताऱ्याशी ताडून पाहाव्यात. त्या दहा कोणत्या, हे रँडअ‍ॅरेला विचारावे.